पोरे मास्तरांचे ठोके

बायपास झाल्यापासून पोरे मास्तरांचं हृदय सगळ्या तांबडगावाला ऐकू येऊ लागलं.

आवाज मोठा नव्हता. शेजारच्या खोलीत कुणीतरी ओल्या मातीवर सावकाश थापा मारतंय, इतपतच. फक्त ती शेजारची खोली गावातल्या प्रत्येकाच्या शेजारी होती. बाजारपेठेत उभं राहा की पार वीटभट्टीपाशी जा, आवाज तेवढाच. शहरातल्या इस्पितळातून मास्तरांना घेऊन येणारी गाडी जकात नाक्याच्या आत शिरली, तेव्हाच तो सुरू झाला. गिरणीवाल्याला वाटलं पट्टा सैल झाला, म्हणून त्यानं गिरणी बंद केली. तरी ठोके चालूच. तो बाहेर येऊन ओट्यावर उभा राहिला, तर सगळी पेठ आपापल्या ओट्यावर उभी. समोरून गाडी आली. मागच्या सीटवर मास्तर छातीशी उशी धरून बसले होते. चाक खड्ड्यात आपटलं, मास्तर कळवळले, आणि त्याच वेळी गावभर दोन ठोके घाईनं पडले. त्यानंतर कुणाला काही विचारावं लागलं नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान, मागच्या बाजूला घर. गावातल्या तीन पिढ्यांचे लग्नाचे कोट त्यांनी शिवले होते आणि ते सगळे एकाच स्टुलावर बसून. त्यांची बायको शालन काजं-बटणं करायची, उरलेल्या वेळात घर. एकुलती मुलगी हुबळीला दिलेली. मास्तरांच्या आयुष्यात चालणं होतं ते एवढंच : घरातून दुकानात, दुकानातून घरात, आणि मधे एक उंबरठा.

आठवडाभरात नगरपंचायतीत तोंडी तक्रार गेली. मुख्याधिकारी आगलावे मॅडम आरोग्य निरीक्षकाला आणि आवाज मोजायच्या यंत्राला घेऊन मास्तरांच्या घरी आल्या. यंत्र मास्तरांच्या छातीसमोर धरलं. आकडा हलला नाही.

"यंत्रात येत नाही, मॅडम," निरीक्षक म्हणाला.

"ऐकू तर येतंय."

"ऐकू येतंय. पण यंत्रात येत नाही."

मॅडमनी थोडा विचार केला. "नियम यंत्राला आहे, वाद्याला आहे, वाहनाला आहे. अवयवाला नाही. त्यामुळे कारवाई करता येणार नाही." मग त्या मास्तरांकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला त्रास दिला, माफ करा."

"मीच देतोय सगळ्यांना," मास्तर ओशाळून म्हणाले.

शालननं चहा आणला. चहा संपला, निरीक्षक निघाला, तरी मॅडम बसूनच राहिल्या. पंखा बंद होता. खोलीत ठोक्यांशिवाय काही नव्हतं. निघताना दारात थांबून त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या वडिलांचं आम्ही कधी ऐकलंच नाही."

त्यानंतर गावानं तो आवाज आपला मानला. शाळेतली मुलं कवायतीला त्यावर पावलं टाकू लागली. भजनी मंडळाच्या मृदंगवाल्यानं आधी नाक मुरडलं, मग तोही त्याच लयीत बसला. पेठेतली कुत्री दुपारी पायरीवर कान टेकून पडायची. तांबोळ्यांच्या रेश्माचं बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलं होतं, मुठीएवढं, आणि काही केल्या झोपत नव्हतं. मास्तर गावात आले त्या दुपारी ते पहिल्यांदा गाढ झोपलं. रेश्मा बाळाला दुपट्यात गुंडाळून मास्तरांच्या दारात आली. त्यांना बाळ दाखवलं, वाकून नमस्कार केला आणि गेली. मास्तर बराच वेळ त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिले. आपल्या आतलं काहीतरी दुसऱ्याच्या लेकराला निजवतंय, हे त्यांना झेपेना.

गावातले डॉक्टर मुजावर टाके बघायला आले. बोलायला मोकळे, पण वेळ नेहमी कमी.

"तंबाखू बंद. तळलेलं बंद. मीठ निम्मं. आणि चालायचं, मास्तर. रोज."

"ऑपरेशन झालं ना, डॉक्टर? म्हणजे आता दुरुस्त झालं."

"उसवलं होतं तिथं शिवलंय. कापड जुनंच आहे. तुम्हाला मी काय सांगणार?"

मास्तरांना ते पटलं. पटायला काहीच अवघड नव्हतं. डॉक्टर गेले आणि समोरच्या हॉटेलातून रंगनाथ आला, हातात कागदाची पुडी. रंगनाथ मास्तरांचा लहानपणापासूनचा मित्र. त्याची कांदाभजी रोज चहाच्या वेळी रस्ता ओलांडून यायची. इतकी वर्षं त्यात खंड नव्हता.

"गरम हायेत. अशक्तपणा आलाय तुला, खा."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"रोज नको म्हणाले असतील. एका भज्यानं काय व्हतंय?"

मास्तरांनी एक खाल्लं. रंगनाथचा चेहरा इतका उजळला, की दुसरं खाणं भाग पडलं.

रंगनाथ एकटा नव्हता. भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन यायचा. तुपातला शिरा, बेसनाचे लाडू, कुणाच्या म्हशीच्या खरवसाचा डबा. नको म्हटलं, की येणाऱ्याचं तोंड पडायचं. आणि येणाऱ्याचं तोंड पडलं, की मास्तरांचे ठोके मंदावायचे, ते पुन्हा त्यालाच ऐकू जायचे. शालन दोन भाज्या करायची, एक आळणी मास्तरांसाठी आणि एक घरात आल्यागेल्यासाठी. मास्तर आळणी भाजी चिवडत दुसऱ्या भाजीकडे बघत बसायचे. तिला ते बघवायचं नाही, आणि मग ती चमचाभर त्यांच्या ताटात वाढायची. वर म्हणायची, "एवढीच हं."

तंबाखूचं मात्र लपेना. मास्तर शिकाऊ असल्यापासून ती डाव्या गालात होती. तिच्याशिवाय कात्री सरळ चालत नाही अशी त्यांची खात्री होती. शालन गिरणीत गेलेली बघून त्यांनी एकदा चिमूट मळली आणि गालात धरली. थोड्याच वेळात ठोके भरभर पडू लागले. गिरणीत दळणाच्या रांगेतल्या सगळ्या बायकांनी शालनकडे पाहिलं.

"शालनताई, मास्तरांकडे कोण आलंय?"

शालन पीठ तिथंच टाकून धावत आली. मास्तर कापडावर खडूनं रेघ मारत होते.

"काय झालं?"

"काही नाही. मांजर आलं होतं."

"मांजराला बघून एवढं?"

मास्तरांनी गाल आत ओढला. शालननं त्यांच्याकडे पाहिलं, रडली नाही, ओरडलीही नाही, पीठ आणायला परत गेली. त्या दिवसापासून ठोके असे भरभर पडले, की पेठेतला कुणी ना कुणी मोठ्यानं म्हणायचा, "मास्तर, थुंका!" आणि मास्तर थुंकायचे. पुढं ते शहाणे झाले. गावात वरात निघाली, बँड वाजू लागला, किंवा निवडणुकीची कर्ण्याची जीप आली, की त्या गोंगाटात ते चिमूट लावून घ्यायचे. बँडखाली ठोके दबायचे. लग्नसराईत मास्तर फार खुशीत असत.

चालायचं मात्र राहिलंच होतं. शेवटी एका सकाळी शालननं त्यांच्या चपला दारात काढून ठेवल्या आणि स्वतः बाजूला उभी राहिली. मास्तर निघाले. पेठ ओलांडून पाण्याच्या टाकीच्या दिशेनं चढ लागतो. चढावर ठोके वाढले. आधी थोडे, मग बरेच. मास्तरांना ते आतूनही ऐकू येत होते आणि बाहेरूनही, आणि दोन्हीकडून येणारा आवाज एकमेकांना घाबरवत होता. घरांची दारं धडाधड उघडली. कुणी खुर्ची घेऊन धावलं, कुणी पाणी, कुणी साखर.

"बसा, मास्तर, बसा!"

"चालायला सांगितलंय मला."

"सांगितलं असेल. पण ऐका ना, कसं धडधडतंय!"

त्यांना खुर्चीवर बसवलं आणि खुर्चीसकट घरी आणलं. रेश्माही आली. बाळ दचकून उठलं होतं, रडून रडून निळं पडलं होतं. ती रागानं बोलली नाही. फक्त म्हणाली, "मास्तरचाचा, जरा सावकाश नाही का चालता येणार?"

दोन दिवस असंच झालं. मग नगरपंचायतीला लक्ष घालावं लागलं. आगलावे मॅडमनी सगळ्यांचं म्हणणं ऐकून आदेश काढला. मास्तरांनी शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी चालू नये, मुलांचा ताल चुकतो. दुपारी चालू नये, लोक झोपतात. संध्याकाळी चालू नये, भजन असतं. पहाटे चालू नये, लहान बाळं दचकतात. या वेळा सोडून त्यांनी अवश्य चालावं, नगरपंचायत त्यांना आरोग्यासाठी शुभेच्छा देते.

"मग राहिलं काय?" शालन म्हणाली.

मास्तरांना मनातून फार बरं वाटलं होतं. त्या वेळी ठोके इतके शांत, इतके समाधानी पडले, की शालननं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिला कळलं. मास्तरांनी खाली बघून सुईत दोरा ओवला.

असे महिने गेले. मास्तरांचं पोट पहिल्यासारखं झालं. ठोके ऐकायची गावाला इतकी सवय झाली होती, की ते हळूहळू जड होत चाललेत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. कधीमधी एखादा ठोका अडखळायचा, उंबऱ्याला पाय लागावा तसा. डॉक्टर मुजावर दवाखान्यात स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून थांबायचे, ऐकायचे, आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायचे.

रंगनाथच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं. नवरदेवाचा कोट मास्तरांनीच शिवला होता. शाळेच्या मैदानात मांडव, सगळं गाव जेवायला. रंगनाथनं मास्तरांना आपल्या हातानं जिलबी वाढली. "आज नाही म्हणू नकोस. आज माझ्या पोरीचं लग्न हाय." मास्तर नाही म्हणाले नाहीत. जिलबी झाली, वर मठ्ठा झाला, भजी तर रंगनाथचीच. मग वरातीचा बँड जोरात सुरू झाला आणि मास्तर सवयीनं मांडवाच्या कनातीमागं गेले. चिमूट नेहमीपेक्षा मोठी होती.

बँडवाल्यांचं एक गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी ते जरा थांबले.

त्या थांब्यात गावाला काहीच ऐकू आलं नाही.

कुणाच्या ध्यानात आधी आलं, ते सांगता येणार नाही. वाढप्याचा हात पातेल्यातच राहिला. नवऱ्यामुलीनं कपाळावरच्या मुंडावळ्या मागं सारून वर पाहिलं, आभाळाकडे, जणू आवाज तिथून यायचा. क्लॅरिनेटवाल्यानं वाद्य ओठांवरून खाली घेतलं. पेठेतली सगळी कुत्री एकदम उठून उभी राहिली. शेजारची ती खोली रिकामी झाली होती, आणि ती किती मोठी होती, ते तेव्हा कळलं. आपापल्या छातीवर हात ठेवलेली माणसं मैदानभर उभी होती. एकेकाला स्वतःचा ठोका हाताखाली लागत होता आणि तो पुरेसा वाटत नव्हता.

शालन पंगतीतून उठली. कुठं जायचं, तिला माहीत नव्हतं. कारण आजवर आवाज सगळीकडून यायचा.

मग ठोका पडला. एकच. कुणीतरी दुरून दार ढकलावं तसा. पुन्हा थांबला. गाव वाट बघत राहिलं. पुन्हा एक पडला, मग दुसरा, आणि मग ते एकमेकांचा हात धरून चालू लागले. मैदानातून एकदम श्वास सुटल्याचा मोठा आवाज झाला, वारा सुटल्यासारखा. कनातीमागं मास्तर जमिनीवर बसलेले सापडले. चेहरा घामानं भिजलेला, पांढरा. डॉक्टर मुजावर त्यांच्याशेजारी मातीत गुडघे टेकून बसले होते.

रंगनाथनं मास्तरांच्या ओठावरची तंबाखू आपल्या उपरण्यानं पुसली.

शहराच्या इस्पितळातून मास्तर परत आले, तेव्हा आगलावे मॅडमनी शाळेच्या मैदानात सभा बोलावली. विषय एकच होता. मांडव निघाला होता, पण खांबांचे खड्डे अजून तसेच होते. मास्तर पुढच्या खुर्चीवर बसले. त्यांचे ठोके सगळ्यांच्या मधोमध होते, दमलेले.

डॉक्टर मुजावर उठले. "ठोके ऐकू येतात म्हणजे सगळं ठीक आहे, असं तुम्ही धरून चाललात. मीही चाललो, माझी चूक. या हृदयाला काम लागतं. थोडं थोडं, वाढत जाणारं. ते काम करेल तेव्हा आवाज वाढणार."

"आम्हाला ऐकवत नाही, डॉक्टर," मागून कुणीतरी म्हणालं. "जीव घाबरा होतो."

"ऐकायला शिका."

मॅडमनी मास्तरांना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

मास्तर उठले. गावासमोर ते कधी बोलले नव्हते. "तुम्ही मला चालू दिलं नाही, याचं मला वाईट वाटलं नव्हतं. बरं वाटलं होतं. हे आधी सांगतो." मग ते म्हणाले, "चढावर छाती धडधडायला लागली, की तुम्हाला वाटतं, मास्तर आता जातात. मलाही तेच वाटतं. फरक एवढाच, की तुम्ही माझ्याकडे धावत येता. मी कुणाकडे धावू?"

ते बसले. बराच वेळ फक्त ठोके ऐकू येत राहिले. ते घाबरलेले होते, आणि ते घाबरलेले आहेत, हे त्या दिवशी गावाला पहिल्यांदाच समजलं. इतके दिवस आपलीच भीती ऐकतोय, असं लोकांना वाटत होतं.

मग बायकांच्या बाजूनं रेश्मा उभी राहिली. बाळ कडेवर होतं, आता चांगलं वजनदार झालेलं. "चाचा, तुम्ही चाला," ती म्हणाली. "पोरगं रडलं तर रडू दे. मी घेऊन फिरीन त्याला. तुम्ही थांबू नका."

मॅडमनी तिथल्या तिथं नवा आदेश तोंडी वाचून दाखवला. मागचा आदेश रद्द. मास्तर चालत असताना ठोके वाढतील. वाढलेले ठोके नागरिकांनी आजाराचं लक्षण समजू नयेत, कामाचं समजावेत. खुर्ची घेऊन धावू नये. यायचंच असेल तर सोबत चालावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर निघाले. शालन त्यांच्यापुढं दोन पावलं. दारादारात माणसं उभी होती, पण कुणी उंबरा ओलांडला नाही. चढावर ठोके वाढले. गावानं दाराच्या चौकटी घट्ट धरल्या. तांबोळ्यांच्या अंगणात रेश्मा रडणाऱ्या बाळाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती, त्याच लयीत, आणि काहीतरी गुणगुणत होती. मास्तर विजेच्या खांबापर्यंत गेले आणि कट्ट्यावर बसले. मग सगळ्यांनी मिळून ते ठोके खाली येताना ऐकले. हळूहळू, पायरी पायरीनं, एखादं मोठं जनावर पाणी पिऊन शांत व्हावं तसे. दारातल्या म्हाताऱ्या माणसांनी हात जोडले. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर सगळं सरळ झालं, असं नाही. तंबाखू सुटताना मास्तरांचे हात थरथरायचे. दोन शर्टांच्या कॉलरी वाकड्या झाल्या, आणि ते शर्ट लोकांनी तसेच घातले. ते शालनवर चिडायचे, ताट सरकवायचे. मग शालननं दुसरी भाजी करायचंच सोडलं. ती स्वतःही आळणी खाऊ लागली, त्यात लिंबू पिळायची, लसूण ठेचून घालायची. आणि आल्यागेल्याला तेच वाढायची. येणारा तोंड वाकडं करायचा आणि खायचा. दिवाळीत मास्तरांनी डब्यातल्या चकल्या मूठभर खाल्ल्या, वर कुणाकडून तरी चिमूटही मिळवली. गावानं ते ऐकलं. या वेळी "थुंका" म्हणून कुणी ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच रंगनाथ दारात उभा होता, पायांत मुलाचे बूट.

"मला नाही यायचं आज," मास्तर म्हणाले. "लाज वाटते."

"वाटू दे. मला पण ह्या बुटांची वाटतीया. चल."

मास्तर गेले. टाकी झाली, मग वीटभट्टी झाली, मग डोंगराचा पायथा. सोबत कधी रंगनाथ, कधी मुख्याधिकारी मॅडम साडी खोचून. रेश्माचं बाळ आता ठोके वाढले की खिदळायचं आणि टाळ्या पिटायचं. ठोके मंदावले की हिरमुसायचं. शाळेतल्या मुलांनी चढाच्या वेळेसाठी वेगळी कवायत बसवली. आणि मास्तर मशीनवर निवांत बसलेले असताना जो ठोका पडायचा, तो आता इतका संथ, इतका भरीव झाला होता, की परगावचा माणूस बाजाराला आला तर रस्त्यात उभा राहून विचारायचा, हे काय आहे. लोक सांगायचे, आमचे शिंपी आहेत.

पौषातल्या एका सकाळी मास्तर आणि शालन भैरोबाच्या डोंगरावर चढले. माथ्यापर्यंत जायचं ठरलं नव्हतं. वळण आलं, की शालन म्हणायची, "बास का?" आणि मास्तर म्हणायचे, "पुढचं बघू." खाली गाव दुधासारख्या धुक्यात होतं. ठोके मोठे पडत होते, मोठे आणि नेमके, आणि मास्तरांच्या ध्यानात आलं, की आपण ते ऐकतोय आणि आपल्याला भीती वाटत नाहीये. शालननं मागं वळून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

माथ्यावर तांबडगावची शीव संपते. तिथं एका सपाट खडकावर दोघं टेकली. पाणी प्यायली. ठोके उतरले, संथ झाले, दोन ठोक्यांमध्ये चांगली मोकळी जागा पडू लागली.

त्या मोकळ्या जागेत शालनला काहीतरी ऐकू आलं. तिनं मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हे तुमचं नाही."

मास्तरांनी श्वास धरला. त्यांचा ठोका पडला. आणि मग, पलीकडच्या उतारावरून, दुसराच एक. बारीक, घाईघाईचा, मधेच अडखळणारा. पलीकडं खाली हिवरगाव होतं. तिथलीही घरं धुक्यात होती आणि त्या सगळ्या घरांच्या शेजारच्या खोलीतून तो येत होता.

"नवीन दिसतंय," मास्तर म्हणाले.

"बाई माणूस असेल का?"

"कळत नाही. बसून आहे, एवढं नक्की. आणि कुणी उठू देत नाहीये."

दोघं ऐकत राहिली. ऊन वर आलं. मास्तर उठले आणि चपला घातल्या. शालननं पिशवीतून फोन काढून रंगनाथला लावला.

"दादा, पेठेत सगळ्यांना सांगा. आता थोडा वेळ आमचं काही ऐकू येणार नाही. घाबरू नका. मास्तर बरे आहेत. आम्ही पलीकडं उतरतोय."

"पलीकडं? कुणाकडं?"

"ते अजून माहीत नाही."

खाली पेठेत रंगनाथनं हॉटेलच्या पायरीवर उभं राहून ते सांगितलं. लोकांनी बरं म्हटलं. थोड्या वेळानं ठोके थांबले, आणि तांबडगाव आपल्या कामाला लागलं.

पलीकडची वाट उताराची होती, तरी मास्तरांनी घाई केली नाही. एक एक दगड बघून ते उतरत होते. शीव ओलांडल्यापासून तो परका ठोका सगळीकडून सारखाच येत होता. आणि हिवरगावच्या पहिल्या घरापाशी एक म्हातारी दारात खुर्ची हातात धरून उभी होती, कुठल्याही क्षणी धावायच्या तयारीत.

"बाई," मास्तर म्हणाले, "खुर्ची खाली ठेवा. घर कुठलं, ते सांगा."